दादा घोरतो आणि आई झोपते

१७ जानेवारी, शनिवार. सकाळपासून ढगाळ, वारा पडलेला. सुतार दहाच्या सुमारास आला.

नाही नाही, खिडकीपासून नको, या कपाटापासून त्या भिंतीपर्यंत — हो, पूर्ण, अगदी छतापर्यंत. वर फट राहिली तर पार्टिशनचा उपयोग काय, आवाज वरूनच येतो. पलीकडे दादा-वहिनी, अलीकडे मी आणि आई. घर एवढंच हो मिस्त्री, ही खोली आणि मागे स्वयंपाकघर. त्यांच्याकडे फरशी बदलतायत म्हणून आलेत. सख्खा भाऊ, नाही कसं म्हणायचं? ओळीने गाद्या घालतो — मी, आई, दादा, वहिनी. पण ते घोरणं तुम्ही एकदा ऐकाच. तुमची करवत ओल्या लाकडात अडकते ना, तसं — ओढतो, ओढतो, मध्येच थांबतो, आता गेला की काय असं वाटतं, आणि मग जे काही सुटतं. वहिनीची त्याला बारीक शिट्टीची साथ. दिवसभर एकमेकांशी धड बोलत नाहीत, रात्री मात्र जुगलबंदी. हसू नका, मला सकाळी भिंगं घासायची असतात. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे ना, तिथे असते मी. कड जरा जास्त घासली गेली की भिंग फ्रेममध्ये बसत नाही. या आठवड्यात दोन वाया घालवली. मालकाने दोन्ही उचलून माझ्यासमोर मांडून ठेवली.

आईला त्रास? हो, आईसाठीच तर — म्हणजे, तसं नाही. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, आई झोपते. ढाराढूर झोपते. तेच तर. इतकी वर्षं ती माझ्याजवळ झोपते. पाय मी चेपते, गोळी मी देते, दूध कोमट करून मी देते, खिडकीला जाड पडदा मी शिवला, घड्याळ टिकटिकतं म्हणून तेसुद्धा स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं — आणि बाई टक्क जागी. मी कधीही कूस बदलावी, हिचे डोळे उघडेच. झोप की गं म्हटलं की म्हणते, लागेल लागेल. आणि हा येतो, जेवतो, आडवा होतो, घोरायला लागतो, की त्याच्या शेजारी ही तान्ह्या बाळासारखी गाढ. काय केलं त्याने? पाय चेपले? तिला गोळी कुठली लागते ते तरी विचारा त्याला. आयत्या बिळावर नागोबा.

आणि परवा जेवताना, ताट पुढे ओढता ओढता म्हणतो, आईला माझ्याकडे झोप लागते, मी घेऊनच जातो तिला. असं सहज, छत्री विसरली होती ती घेऊन जातो म्हणावं तसं. वहिनीने लगेच मान डोलावली. आई? आई म्हणाली, बघू. नको म्हणाली नाही. बघू. बुधवारी निघतायत ते. म्हणून घाईने बोलावलं तुम्हाला, तोवर होईल ना? पार्टिशन झालं की आई पुन्हा माझ्या बाजूला. राहीना का जागी, माझ्याजवळ तर — नाही, असं नव्हतं म्हणायचं मला. तुम्ही माप घ्या.

आधी मी साधे उपाय केले. आईच्या वरून हात लांबवून त्याचं नाक दाबलं. तो गप्प झाला आणि आईच जागी झाली — काय गं, काय झालं? झालं काय, शांतता झाली. मग काल मी काय केलं, सांगते, पण हसायचं नाही. त्याला ढकलून कुशीवर वळवलं, आणि मीच घोरायला लागले. त्याच्यासारखंच, ओढून ओढून. म्हटलं, म्हातारीला आवाजच लागतो ना, मग घे.

तर आई उठून बसली. माझ्या छातीवर हात ठेवला, मग नाकाखाली बोट धरलं — असं. मी डोळे मिटून पडलेली. मग माझ्याने राहवेना, म्हटलं, जागी आहे मी, झोप तू. तर म्हणते, "लहानपणी एकदा तुझा श्वास थांबला होता. तुझा आवाजच येत नाही गं झोपेत, मग मला बघत राहावं लागतं. त्याचं बरंय, तो ओरडून सांगत असतो."

म्हणजे इतकी वर्षं ती —

आणि खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंदच झाला. म्हटलं, त्याच्यासाठी नाही जागली कधी. माझ्यासाठी जागली. सकाळपर्यंत तेच घोळवत पडले होते मी. मग उजेडात तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काय झालंय तिच्या, मिस्त्री. दुसऱ्यांचे डोळे दिवसभर बघते मी.

गुंडाळा ती टेप. नको पार्टिशन. नाही, नंतरही नको. माळ्यावर तिची बॅग आहे, निळी, माझा हात पोचत नाही. तेवढी काढून द्या, आणि या तुम्ही.

२१ जानेवारी, बुधवार. स्वच्छ ऊन. आई सकाळी दादा-वहिनींबरोबर गेली.