बबनची पाठ आनि माझी बंद गाडी

माझं गाव वेल्ह्याच्या अंगाला, डोंगरात हाय, नाव सांगून तुमाला कळायचं न्हाय, पुन्यातल्या मानसाला ते धरनाच्या पलीकडं कुठंतरी एवढंच ठाऊक असतंय. तिथनं मिसरूड फुटायच्या आत मामाबरोबर मार्केट यार्डात आलो, भुसार बाजारात, म्हंजी धान्य, साखर, गूळ, डाळी ह्यांचा बाजार, आनि तवापासनं पाठीवर पोती. लिहून घेताय ना, मग हे पयलं लिहा की मी हमाल हाय. मधी दोन वर्सं नुसता गाडीमालक झालो व्हतो, ते सांगतो पुढं, पन मी हमाल हाय.

पोतं पाठीवर घ्यायला दोन मानसं लागतात हे लोकांच्या ध्यानात येत न्हाय. एकानं उचलून द्यायचं, दुसऱ्यानं वाकून पाठ द्यायची. देनाऱ्यानं जरा तिरकं ठेवलं की घेनाऱ्याचा मनका गेला, म्हनून जोडी जमावी लागते, नवराबायकोपेक्षा जास्त जमावी लागते असं आमचे लोक गमतीनं म्हनतात. माझा जोडीदार बबन. भोरकडचा, बुटका, आखूड मानेचा आनि बोलायला तिखट. पयल्या दिशी मी पोत्याकडं बघत उभा राहिलो तर म्हनला, भितोस कशाला, ते काय तुला खातंय व्हय, आत शेंगदाने हायेत, तूच खा त्यातले चार. वीस-बावीस वर्सं त्यानं मला दिलं आनि मी त्याला दिलं. डोळे मिटून सांगायचो, आज ह्याच्या डाव्या खांद्याला कळ हाय, आज रात्री झोपला न्हाय.

आता यार्डातली एक रीत सांगतो, ती नीट समजून घ्या, कारन सगळं तिच्यावरच आलं. गाळ्यातला माल गाडीत चढवायचा तो टोळीनंच चढवायचा. गाडीवाल्यानं हात लावायचा न्हाय. आज एकानं आपलं आपन भरून नेलं की उद्या सगळेच नेतील, आनि आमच्या चुली इझतील. आमची टोळी अकरा जनांची, वर मुकादम, जे काम होईल त्याचे सारखे वाटे. मी सवता किती डायवरांना दम दिलाय, ए बाबा, चहा पी जा, पोत्याला हात लावू नको.

मग माझा गुडघा बोलायला लागला. जिना उतरताना तर असा बोलायचा की शेजारी ऐकतील. मी म्हनलं आता पोत्याखालनं निघावं, छोटी गाडी घ्यावी, यार्डातला माल पेठांतल्या दुकानांना पोचवावा. घरात बोललो तर ही म्हनली, घ्या, पन दार लागनारी घ्या. का तर आमच्या गावच्या जत्रेला आमी दरसाल टेम्पोच्या हौद्यात उभं राहून जायचो, पदर तोंडावर धरून, धुरळा खात, आनि उतरल्यावर हिच्या माहेरच्या बायका हिचे केस झटकायच्या. ती हे सगळं बोलली न्हाय. ती एवढंच म्हनली, दार लागनारी घ्या, छप्पर असू द्या. आनि सदाशिव पेठेत एक दुकानदार काका व्हते, त्यांना इचारायला गेलो, काका, मी गाडी घेतली तर तुमचा माल माझ्याकडं द्याल का. चष्म्यावरनं बघितलं त्यांनी. म्हनले, देऊ की. पण ताडपत्री बांधलेली गाडी दारात नको, मागच्या पावसात तुमच्या लोकांनी साखरेचा पाक करून आणला होता, आम्ही पाक विकत नाही. आणि गल्लीत मावेल एवढीच घ्या, गाडी तुम्ही घेतलीत म्हणून गल्ली कोणी रुंद करणार नाही. ह्या बोलन्याचा राग मानायचा नसतो, ही त्यांची हो म्हनायची पद्धत.

गाडी बघायला मी बबनलाच नेलं, दुसऱ्या कुनाला नेनार. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या व्हत्या, एक उघड्या हौद्याची आनि एक बंद, पांढरी, सरकत्या दाराची व्हॅन. तिथला टायवाला बोलत सुटला, सर मायलेज, सर पेलोड, सर पार्किंगला इझी. बबनचं तिकडं ध्यानच न्हाय. तो उघड्या गाडीपाशी गेला, तिच्याकडं पाठ केली आनि हमाल पोतं सोडतो तसा टेकला. बरोबर कमरेच्या वर लागली कड. मग व्हॅनकडं गेला, मागचं दार वर उचललं, वाकून आत शिरला आनि गुडघ्यावर बसून राहिला. टायवाला हसला, म्हनला, काका, आत काय शोधताय? बबन आतनंच म्हनला, माझी मान. कुठं ठिवायची ते बघतोय.

भाईर येऊन मला बाजूला घेतलं. म्हनला, सुदाम, ही नको. ही चालवनाऱ्याच्या सोयीची हाय, भरनाऱ्याच्या न्हाय. उघड्या गाडीला मानूस पाठ लावतो आनि पोतं सोडतो. हिच्यात कुनाला तरी आत कोंडून घ्यावं लागनार, गुडघ्यावर बसून एकेक पोतं वढावं लागनार. तुला काय मी सांगायला पायजे?

सांगायला नको व्हतं. मला सगळं दिसत व्हतं, तुमी लिहा हे, मला दिसत व्हतं. पन काय सांगू तुमाला, त्या व्हॅनच्या काचेत मी सवताला बघितलं, आनि मला वाटलं हा मानूस हमाल न्हाय. काकांचा पाक, हिचं दार, ही सगळी कारनं खरीच व्हती, पन मी गाडी घेतली ती त्या काचेपायी. बबनला म्हनलं, अरे, तूच तर भरनार हायेस माझी गाडी, परक्याची थोडीच हाय. हसत म्हनलो. तो हसला न्हाय.

गाडी आली, नारळ फोडला, ही पुढच्या सीटवर बसली, दार लावलं, परत उघडलं, परत लावलं. तिचं तोंड मी इसरनार न्हाय. ते सुख खोटं न्हाय, आजबी म्हनतो.

पन यार्डात पयल्याच दिशी टोळीपुढं सवाल आला, आत कोन जानार. बबन बुटका, तो उठला आनि आत गेला, आनि मग रोज तोच जायचा. भाईरचा पोतं गाडीच्या कडेवर आनून टेकवायचा आनि बबन आत गुडघ्यावर बसून ते वढून, फिरवून, मागं थरावर लावायचा. उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या पोटात कसं व्हत असंल, तुमी इचार करा. एक दिस मला राहवलं न्हाय, मी चप्पल काढली आनि आत शिरलो. मुकादम वरडला, सुदाम, भाईर. मालक झालास ना, मग मालकावानी उभा ऱ्हा. त्याचं काय चुकलं? ही रीत मीच दुसऱ्यांना शिकवलेली. मग मी हात मागं बांधून गाडीपाशी उभा ऱ्हायचो, आनि आतनं बबनचा श्वास ऐकू यायचा. बावीस वर्सं ऐकलेला श्वास, मला कळायचं तो कुठं अडकतोय ते. भाईर आल्यावर बनियन पिळायचा आनि म्हनायचा, तुझ्या मोटारीत उभं ऱ्हायला जागा झाली की निरोप धाड.

तवाच गाडी इकून टाकायला पायजे व्हती. मनात यायचं. पन धंदा लागला व्हता, काकांच्या वळखीनं पेठेतली सहा-सात दुकानं मिळाली व्हती, ही जत्रेला केस न इस्कटता जात व्हती, आनि मी म्हनायचो एवढा हंगाम जाऊ दे. मी कानाडोळा केला. दोन वर्सं केला.

श्रावनातली दुपार व्हती. उपासाचा माल, साबुदाना, भगर, शेंगदाने, आनि वर साखर. गाडी निम्मी भरलेली, त्यामुळं बबनला आत आनखी कमी जागा. साखरेचं पोतं त्यानं वरच्या थरावर चढवलं आनि ते परत त्याच्याकडंच घसरलं. उभ्या मानसानं अंग बाजूला घेतलं असतं. गुडघ्यावर बसलेल्यानं कुठं घ्यायचं? त्यानं कमरेत पिळून ते अंगावर घेतलं. मोठा आवाज झाला न्हाय का वरडला न्हाय. नुसतं म्हनला, थांब.

मी आत उडी घेतली. पोती भाईर फेकली, एकामागनं एक, हातात किती बळ आलं मला ठाऊक न्हाय. मुकादम शेजारी उभा व्हता, त्या दिशी तो हात लावू नको म्हनला न्हाय, तो सवताच पोती वढत व्हता. बबनला तिथंच बारदानावर आडवा केला, कारन भाईर काढायला गेलं की तो पांढरा पडायचा, आनि त्याच गाडीतनं दवाखान्यात नेला. सगळ्या रस्त्याला तो माझ्या सीटची मागची कड धरून व्हता. खड्डा आला की त्याची बोटं आवळायची, ती मला पाठीला कळायची. मी बडबडत व्हतो, आलं बघ, आलं बघ.

मनका. डॉक्टर म्हनले, चालेल, फिरेल, पण ओझं या जन्मात नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही. बबन तवा पन्नाशीचाबी नव्हता.

त्याला घरी आनला तवा मी रोज जायचो. फळं न्यायचो, बसायचो, तो भिताडाकडं बघायचा. एक दिस वहिनी, म्हंजी बबनची मालकीन, माझ्यामागं दारापर्यंत आल्या आनि हळूच म्हनल्या, भावजी, एक इचारू? ह्यांनी तुमाला सांगितलं व्हतं ना, ही गाडी नको म्हनून? मी हो म्हनलं. मग म्हनल्या, परक्यानं घेतली असती तर मी त्याला माफ केलं असतं, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. तुमाला ठाऊक व्हतं. आनि दार लावून घेतलं.

त्याला तीन वर्सं झाली. अजून त्या माझ्याशी बोलत न्हाईत. मी त्यांना बोल लावत न्हाय.

मी गाडी इकायला काढली. गिऱ्हाईक आलं, यार्डातलंच, नव्यानं धंद्यात पडनारा एक जन. सौदा व्हत आला व्हता. मी बबनच्या कानावर घातलं, वाटलं त्याला बरं वाटंल. तो लई दिसांनी बोलला. म्हनला, इकून काय करशील? तो भरनार न्हाय व्हय तिच्यात पोती? दुसऱ्या टोळीतला कोनतरी आत बसंल. आपल्याला दिसनार न्हाय एवढंच.

मी सौदा मोडला. मला सांगा, कुनाला इकू? कुनाबी घेतली तरी आत कुनीतरी बसनारच. तवापासनं माझ्या गाडीत पोत्याचा माल चढत न्हाय. चुरमुरे, लाह्या, पापड, कुरडया, पत्रावळी, वाघोलीकडच्या मेसचे रिकामे डबे, जे एका हातानं उचलतं तेवढंच नेतो. सदाशिव पेठेतल्या काकांना जाऊन सांगितलं, आता साखर आनायची न्हाय माझ्याकडनं. त्यांनी का ते इचारलं, मी सगळं सांगितलं. बराच वेळ ते तराजू पुसत राहिले. मग म्हनले, चुरमुरे आणत जा. आम्ही एरवी इतके चुरमुरे विकत नाही, पण बघू.

आनि मुकादमाला भेटलो. म्हनलं, बबनचा वाटा बंद करू नका, त्याच्या जागी मी येतो. मुकादम म्हनला, तुझ्या गुडघ्याचं काय. मी म्हनलं, गुडघा हाय, पाठ पन हाय. टोळी बसली, बोलनं झालं, कुनी कुनी म्हनलं हा दुखऱ्या गुडघ्याचा मधीच बसंल. पन कुनी न्हाय म्हनलं न्हाय. आता सकाळी माझी व्हॅन, दुपारनंतर बबनच्या नावानं पोती. घरातनं इरोध झाला न्हाय. ही एवढंच म्हनली, जत्रेला आपन येस्टीनं जाऊ. मी म्हनलं, अगं, गाडी हाय की दारात. तर म्हनली, असू द्या.

शनवारी वाटा द्यायला बबनकडं जातो. पैसं वहिनी घेतात. बबन खाटंवर भिताडाला टेकून बसलेला असतो. मला वाटायचं तो मला कधीतरी शिवी देईल, दिली असती तर बरं झालं असतं, मोकळा झालो असतो. देत न्हाय. तो बाजाराचं इचारतो. आज काय भरलं, किती गाड्या. मी सांगतो, ज्वारी, तूरडाळ, एवढ्या उघड्या, एवढ्या बंद. आजकाल बंद गाड्या लई वाढल्यात, लोकांना छप्पर पायजे, माझ्यावानीच. बंद म्हनलं की त्याची मान वर येते. दर शनवारी येते.

इचारतो, आत कोन व्हतं?

मी सांगतो, मी व्हतो.

मग तो पाय जरा पोटाशी घेतो, मला बसायला खाटंवर जागा करतो, आनि म्हनतो, पोतं वढताना कमरेत पिळायचं न्हाय, सुदाम. गुडघ्यावर आख्खा फिरत जा.