घराचं नाक

ओरियान: देओलिंदा, हे वाइनचे ग्लास बघ. आठातले पाच जसेच्या तसे परत आलेत.

देओलिंदा: ठेव तिकडे, पोरी. माझे हात सॉसमध्ये आहेत. दमले असतील पाहुणे. तळघराच्या त्रेचाळीस पायऱ्या म्हणजे काय गंमत आहे?

ओरियान: दमलेबिमले नाहीत. मीच फिरवून आणलं त्यांना. वर आल्या आल्या पहिली बाटली दहा मिनिटांत संपवली, तुझ्या चीजच्या फुगऱ्या गोळ्यांसकट. हे ग्लास दुसऱ्या बाटलीचे आहेत, ट्राउट माशाबरोबर दिली ती. हुंग जरा.

देओलिंदा: आण इकडे. ...अरे देवा.

ओरियान: काय वाटतं?

देओलिंदा: भिजलेला पुठ्ठा. कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरतात आणि मग छप्पर गळतं ना, तसला.

ओरियान: बुचाचा वास लागलाय बाटलीला. ट्रायक्लोरोॲनिसोल. बुचातल्या बुरशीने तयार होतं, अगदी अब्जावा हिस्सा पुरतो.

देओलिंदा: एवढ्याशा घाणीला एवढं मोठं नाव?

ओरियान: अशा बाटल्या अधूनमधून निघतातच, त्याचं काही नाही. पण ही आईने टेबलाशी उघडली. आधी स्वतः चाखली, मान डोलावली आणि आठही ग्लास भरले. वर म्हणते, "भाजलेल्या बदामांचा वास येतोय बघा." निळ्या कोटातली ती बाई चक्क वहीत लिहीत होती. भाजलेले बदाम!

देओलिंदा: टेबलाशी कशाला उघडली? बाटल्या इथून उघडून जातात.

ओरियान: पाहुण्यांतल्या त्या म्हाताऱ्या औषधवाल्याला समोर उघडून दाखवायला हवी होती. पण इथून उघडून का जातात?

देओलिंदा: पद्धत आहे.

ओरियान: कधीपासून? माझ्या लहानपणापासून आई पाहुण्यांसमोर बूच काढते.

देओलिंदा: सरक, कोंबडी करपेल माझी.

ओरियान: कोंबडी तू केव्हाच बाहेर काढलीयस, देओलिंदा.

रेजीन: काय कुजबुज चाललीय दोघींची? लिएजची मंडळी ट्राउट संपवून बसलीत. सहलीला आलेल्या माणसाला थांबवलं की तो पावाने पोट भरतो.

ओरियान: आई, बरं झालं आलीस. हा ग्लास हुंग.

रेजीन: हुंगलाय मी.

ओरियान: पुन्हा हुंग.

रेजीन: बदाम. थोडा पाव. उगाच माझी परीक्षा घेऊ नकोस, बाहेर माणसं आहेत.

ओरियान: मग एवढंच सांग. तुझ्या पाठीमागे फळीवर काय उघडं ठेवलंय? वळू नकोस.

रेजीन: हा काय खेळ आहे?

ओरियान: सांग ना.

रेजीन: कोंबडी.

देओलिंदा: मादाम, लाँग्रचं चीज आहे. अर्धी गल्ली नाक दाबून चाललीय.

रेजीन: तू गप्प बैस.

देओलिंदा: बसले असते. पण आता काय उपयोग?

ओरियान: कधीपासून, आई?

रेजीन: गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून. तो ताप आला होता ना. ताप उतरला, वास काही परत आला नाही.

ओरियान: चौदा महिने!

रेजीन: रँसला डॉक्टरला दाखवलं. वासाची नस गेलीय म्हणाला. परत येईल, किंवा येणार नाही. त्याचं सगळं शास्त्र तेवढ्यावर संपलं.

ओरियान: आणि देओलिंदाला माहीत होतं.

रेजीन: मी सांगितलं नव्हतं तिला.

देओलिंदा: सांगायला कशाला हवं? करपलेल्या दुधाची कॉफी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, आज छान झालीय. वीस वर्षांत माझ्या कॉफीला कधी छान म्हणाल्या नव्हत्या. तेव्हाच कळलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

ओरियान: थांबा. मला हिशोब लावू दे. वास गेला जानेवारीत. मिश्रण ठरलं मार्चमध्ये. बावीस पिंपांचे नमुने, त्यातून अठरा हजार बाटल्या फसफसणारी वाइन. मी साखर, आम्ल, गंधक मोजून तक्ता पाठवला आणि बाकी सगळं तू ठरवलंस. एकटीने, दार लावून. नाक नसताना?

रेजीन: एकटीने नाही.

ओरियान: मग कोण होतं?

देओलिंदा: माझ्याकडे अशी बघू नकोस. मी नुसतं हुंगलं.

ओरियान: तू?

देओलिंदा: मादाम कपातून आणायच्या. म्हणायच्या, देओलिंदा, हे सॉसला चालेल का बघ. एक कप, दोन कप, बावीस कप. बावीस सॉस कोण करतं, सांग मला? मी मुकाट्याने सांगत गेले. हा सफरचंदं ठेवलेल्या माळ्यासारखा. हा आमच्या आत्याच्या कपाटासारखा, तागे काढल्यावर येतो तसा. हा नवऱ्याच्या बुटांसारखा.

रेजीन: तो काढून टाकला.

देओलिंदा: मी पण काढून टाकला. बूट, नवरा नव्हे.

ओरियान: नाताळात मी त्यातली एक बाटली उघडली. तुला म्हणाले, हे तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं मिश्रण आहे.

रेजीन: म्हणालीस.

ओरियान: आणि तू "हं" म्हणालीस.

रेजीन: दुसरं काय म्हणणार?

देओलिंदा: त्याच दिवशी मला बदकाच्या मांसाची अख्खी बरणी मिळाली. कशाबद्दल ते कुणी बोललं नाही.

ओरियान: हसण्यासारखं नाहीये हे. मला का नाही सांगितलंस, आई? मी याच घरात वाढले. मलाही नाक आहे.

रेजीन: तू एपर्नेच्या त्या सल्लागाराला बोलावलं असतंस. निम्म्या गावाची वाइन तो जुळवतो, आणि निम्म्या गावाची वाइन सारखीच लागते. तीन वर्षं तू माझ्यामागे लागलीयस त्याला बोलाव म्हणून.

ओरियान: आताही तेच म्हणते. उद्या सकाळी नऊला यंदाचं मिश्रण ठरवायचंय. बाटल्या भरायची गाडी सांगून ठेवलीय. आपल्या पत्रकावर काय छापलंय? "चार पिढ्यांचं नाक." लोक ते वाचून येतात. आणि त्या नाकाने आत्ता भिजलेल्या पुठ्ठ्याला बदाम म्हटलं. त्याला फोन करणं एवढाच शहाणपणाचा मार्ग आहे.

रेजीन: कर. तो येईल, छान वाइन करून देईल. कोणी नावं ठेवणार नाही. फक्त ती आपली नसेल.

ओरियान: आपली म्हणजे कोणाची? कपातून हुंगणाऱ्या देओलिंदाची?

देओलिंदा: ए, मला मध्ये ओढू नका. मी पोर्तुगालची. माझ्या घरी वाइन तांबडी असते आणि तिच्यात बुडबुडे आले की ती फेकून देतात.

रेजीन: तुला न सांगण्याचं दुसरंही कारण आहे. ऐकायचंय?

ओरियान: सांग.

रेजीन: तू वास घेण्याआधी नाव घेतेस.

ओरियान: म्हणजे?

रेजीन: मागच्या महिन्यात सहा नंबरच्या पिंपाबद्दल विचारलं तेव्हा काय म्हणालीस?

ओरियान: डायअसेटिल.

रेजीन: त्याचं मी काय करू?

ओरियान: लोण्याचा वास. तुला माहीत आहे ते.

रेजीन: कुठलं लोणी? ताजं? खारं? तव्यावर तांबूस झालेलं? बशीच्या कडेला चार दिवस राहिलेलं? तू नाव सांगितलंस की विषय संपतो. ही बया नाव सांगू शकत नाही, म्हणून कपात काय आहे तेच सांगते. मग मला कळतं. चाळीस वर्षं जे हुंगलं ते डोक्यातून गेलेलं नाही, ओरियान. फक्त आत जायचा रस्ता बंद झालाय.

ओरियान: सहा वर्षं शिकले मी ती नावं.

रेजीन: आणि त्यांचा उपयोग आहे. मी तक्ता वाचल्याशिवाय एक थेंबही मिसळला नाही. पण तक्त्याला वास येत नाही.

देओलिंदा: बाहेर सुऱ्या-काटे वाजायला लागलेत. कोंबडी पाठवू का आधी वाइन जाईल?

रेजीन: वाइन आधी. ही नवी बाटली हुंग.

देओलिंदा: हं. चांगली आहे. स्वच्छ.

ओरियान: दे, मी नेते. सांगते, बाटली खराब निघाली, माफ करा.

रेजीन: नको. बाटली मी उघडली होती.

(रेजीन नवी बाटली घेऊन जेवणघरात जाते. दार तिच्यामागे अर्धवट उघडं राहतं.)

ओरियान: काय सांगतेय ती? ऐकू येत नाही.

देओलिंदा: कान देऊ नकोस. कोंबडीचे तुकडे कर, हा घे सुरा. सांध्यावर काप, सांध्यावर. तुझ्या प्रयोगशाळेत कोंबड्या नसतात वाटतं.

ओरियान: तुला भीती नाही वाटली गेल्या वर्षी?

देओलिंदा: न वाटायला काय झालं? अठरा हजार बाटल्या, आणि बिघडल्या तर दोष कुणाचा? सॉसवालीचा. नाताळात तू ती बाटली उघडलीस ना, तेव्हा मी मुद्दाम भांडी घासत इथेच उभी होते. तू ग्लास नाकाला लावलास आणि माझा नळ वाहतच राहिला.

ओरियान: मग तिला "नाही" का म्हटलं नाहीस?

देओलिंदा: त्यांनी विचारलं होतं. त्या कुणाला काही विचारत नाहीत, पोरी. वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

ओरियान: यंदाही कपातून हुंगणार होतीस?

देओलिंदा: नाही. आज संध्याकाळी सांगणारच होते त्यांना. चोरून हुंगायचा कंटाळा आलाय मला. कप घेऊन दाराआड उभं राहायचं, टपालवाला आला की सॉस ढवळल्यासारखं करायचं. चोर आहे का मी?

ओरियान: आणि खुर्चीवर बसून, टेबलाशी, सगळ्यांसमोर?

देओलिंदा: सगळे म्हणजे कोण?

ओरियान: मी आणि आई.

देओलिंदा: तू तर फोन करणार होतीस.

ओरियान: अजून केला नाही. आई, काय झालं? काय म्हणालीस त्यांना?

रेजीन: की बाटलीला बुचाचा वास लागला होता. मला कळलं नाही, कारण वर्षभर माझं नाक गेलंय.

ओरियान: सगळं सांगितलंस?

रेजीन: अर्धं सांगायला जास्त वेळ लागतो.

ओरियान: आणि ते?

रेजीन: निळ्या कोटातल्या बाईने वहीतले बदाम खोडले. औषधवाला म्हणाला, त्याला पहिल्याच घोटाला शंका आली होती. पण मी इतक्या खात्रीने बोलत होते की त्याला वाटलं, म्हातारपणी आपलंच नाक बिघडलं. माझी माफी मागत होता बिचारा.

देओलिंदा: रुसले नाहीत ना?

रेजीन: रुसतायत कसले. नव्या बाटलीचा वास मला समजावून सांगतायत. आठ माणसं, नऊ वास. भांडण लागलंय. जा, कोंबडी ने, नाहीतर हातघाईवर येतील.

देओलिंदा: ही निघाले.

ओरियान: आई.

रेजीन: काय?

ओरियान: तुला जेवणाची चव तरी कळते का?

रेजीन: खारट, आंबट, गोड, कडू. एवढं कळतं. तिखटाने चटका बसतो. देओलिंदाच्या कोंबडीत मीठ बरोबर असतं, एवढं मी शपथेवर सांगू शकते.

ओरियान: चौदा महिने असंच जेवतेस?

रेजीन: जेवायचं तर असतं. रडवेली होऊ नकोस, पाहुणे आहेत.

ओरियान: नाही होत. थंड खोलीतून उद्याचा एक नमुना आणलाय. चौदा नंबर, स्मशानाखालच्या द्राक्षमळ्याच्या तुकड्यातला. सकाळी तक्ता केला त्याचा. त्यात काही वावगं नाही.

रेजीन: आत्ता कशाला आणलास?

ओरियान: फोन करायचा की नाही ते मला आज ठरवावं लागेल. उद्या नऊला नाही.

देओलिंदा: वाढून आले. निळ्या कोटातली विचारत होती, तो वास चीजचा आहे का तळघरात काही मेलंय. हे काय, ग्लास कशाला मांडलेत?

ओरियान: तुझ्यासाठी पण आहे. पण आधी मी. तू बोलू नकोस.

रेजीन: सावकाश. हं, बोल.

ओरियान: हिरवं सफरचंद. लिंबाची साल. थोडा—

देओलिंदा: हे आपल्या पत्रकावर छापलंय.

रेजीन: देओलिंदा.

देओलिंदा: बोलत नाही.

ओरियान: थांबा. पुन्हा घेते. ...फळा. शाळेतला फळा ओल्या फडक्याने पुसतात, आणि तो सुकत असताना आपण अगदी जवळ उभे असतो, तेव्हा येतो तो.

रेजीन: पुढे?

ओरियान: पुढे काही नाही. म्हणजे, दार उघडावं आणि खोलीत सामानच नसावं. वाईट नाही. फक्त रिकामं.

रेजीन: देओलिंदा, आता तू.

देओलिंदा: फळ्याचं मला माहीत नाही, मी शाळेत मागे बसायचे. खडूचा येतोय खरा. आणि खोलीचं म्हणाल तर, हो. आत कोणी नाही.

रेजीन: दे इकडे. ...आम्ल चांगलं आहे. ताठ. जिभेच्या कडांना धरून ठेवतं.

ओरियान: मग यंदाच्या मिश्रणात घालायचा? आकडे तरी तसंच सांगतात.

रेजीन: नाही. त्या तुकड्याचं असंच असतं, दोन वर्षं काही बोलत नाही. माझ्या वडिलांनी एकदा घाई केली होती. खोली रिकामी नाही ती. राहायला अजून कोणी आलेलं नाही, एवढंच. राखीव पिंपात जाऊ दे. लिहून घे.

ओरियान: फोन राहू दे. चौदा नंबर, राखीव. कारण काय लिहू?

रेजीन: तू आत्ता म्हणालीस ते.

ओरियान: फळा आणि खोली?

रेजीन: तसंच.