मंदारने घड्याळ काढलं

अरे, परवा माजिवड्याच्या सिग्नलला काय झालं, ऐक.

आमची रेवती, तिचा भाऊ मंदार, म्हणजे माझा मेव्हणा. जहाजावर ऑफिसर होता. परदेशात धुक्यात त्यांचं जहाज एका मच्छीमार बोटीवर आदळलं. जहाज बंदरात न्यायला तिथलाच माणूस चढलेला, त्याच्याच सांगण्यावरून वळवलेलं. बुडणाऱ्यांना मंदारने स्वतः वर ओढलं, आणि वर्षभर तुरुंगात कोण बसलं? मंदार!

आता सुटून आलाय, कोपरीत असतो. परवा माझ्या स्कूटरवर मागे बसलेला. समोर एक आजोबा गाडीवरून घसरून पडले. मी ब्रेक मारतोय तोवर याने उडी टाकली, आजोबांना कडेला आणलं, रक्त येत होतं तिथे रुमाल दाबून धरला. एकदम सराईत हात रे त्याचा!

तेवढ्यात हवालदार आला. "नाव काय तुमचं?"

मंदारने नाव सांगितलं. मग घड्याळ काढलं, पाकीट काढलं, कमरेचा पट्टा काढला आणि सगळं माझ्या हातात दिलं.

"आईला एवढ्यात सांगू नकोस. आधी वकील बघ."

हवालदार चक्रावला. "अहो साहेब, पट्टा कशाला काढताय? तुम्ही मदत केलीत, म्हणून नाव विचारलं फक्त."

मंदार एका हाताने पॅन्ट धरून उभा. पट्टा काही परत घेईना. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तिथेही आधी असंच म्हणालेले."