गाणारी बाई कुठे उभी आहे

आता सांगा बघू भाऊ, गाणारी बाई कुठे उभी आहे? — माझ्याकडे नका बघू, डोळे मिटा. मिटा हो, तुमचा फोन कोणी नेत नाही, ओचेन उभा आहे ना दाराशी. हं. कुठे आहे ती? डावीकडे? मागच्या सीटवर? — सांगता येत नाही, असंच ना? अहो, सगळ्यांचं असंच होतं. हा तुमचा कंपनीचा सेट. जपानहून गाडीबरोबर आला, फुकट आला, फुकटासारखा वाजतो. आवाज आहे, पण बाई नाही, आणि ढोल तर कुठल्या कुठे. आता गाडीतून उतरा आणि या इथे, आमच्या स्पीकर मांडलेल्या फळीसमोर, या उलट्या क्रेटवर बसा. त्यावरच बसायचं, खुर्ची नाही, कानाची उंची बरोबर येते. ओचेन, चालू कर. तुमच्या गाडीत लावलं तेच, आपल्या दुकानाचं गाणं. — आता? बोट दाखवा. बघा! बरोबर मधोमध, हात लावाल तर पदर हाताला येईल. कंपनीचा सेट आणि बाहेरचा सेट यातला फरक मला विचारलात ना? हाच फरक. मी काय सांगायचं त्यात, तुमचं बोटच सांगतंय.

आणि तुमचा रेडिओ नव्वदच्या पुढे जातो का? नाहीच जाणार. जपानी रेडिओ नव्वदला थांबतो आणि कंपालातली बहुतेक स्टेशनं तिथून पुढे सुरू होतात. गाडी सुरू केली की ती जपानी बाई काहीतरी बोलते, ती काय बोलते ठाऊक आहे? माझं एक गिऱ्हाईक, चांगला पाद्री माणूस, आठ महिने तिला रोज सकाळी नमस्कार करत होता. नंतर कोणीतरी सांगितलं, ती म्हणते टोलचं कार्ड घातलेलं नाही. — हसा, हसा. पण तुम्हीही त्याच गाडीत बसता. तर चार स्पीकर, एक ॲम्प, पुढचा सेट नवा, असं सगळं बदलून टाका. ओचेन दुपारपर्यंत करून देतो, तोवर समोर भाजलेली केळी मिळतात, खा, बसा.

काय म्हणालात? — येताना चांगला वाजत होता? अहो, रस्त्यावर कसला चांगला. इंजिनाचा आवाज, वाऱ्याचा आवाज, माणसाला वाटतं चांगलं आहे. मसाकाहून इतक्या लांब आलात, कान थकतात. — दाराच्या आतल्या तारा बघायच्या? कशाला? ओचेनने आत्ताच तर दार उघडून बघितलं. त्याने काय केलं म्हणजे? स्पीकर घट्ट आहे का बघितलं, दुसरं काय. भाऊ, बावीस वर्षं या गल्लीत दुकान चालवते मी. मंत्र्यांचे ड्रायव्हर येतात, दाराच्या आतल्या तारा बघायला कोणी मागत नाही. तुम्हाला कोणी शिकवलं हे? आधी इतर दुकानांत जाऊन आलात ना? त्या कोपऱ्यावरच्याने सांगितलं असेल, मेल्याला दुसरा धंदा नाही. — नाही? मग कोणी?

अननसवाला?

कुठला अननसवाला? — मसाकाच्या रस्त्यावरचा, बरं. म्हातारा, उंच, डावा खांदा थोडा खाली, असाच ना? अननस कापताना तुमचं गाणं चालू होतं आणि तो खिडकीशी थांबला. — काय म्हणाला तो? जसं म्हणाला तसं सांगा, मधलं गाळू नका. — 'छान वाटतोय की, कशाला बदलता.' आणि पुढे? — 'पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका, माझे कान गेलेत. कंपालात माझी बहीण आहे, नाबुकेन्या, तिचे कान चांगले आहेत. ती सांगेल तसं करा. ती खोटं सांगायची नाही. आणि कुणीही दार उघडलं तर तारा तेवढ्या बघून घ्या.'

असं म्हणाला.

ओचेन, बंद कर ते. बंद कर म्हटलं ना. आणि जा, तूही काहीतरी खाऊन ये. — जा रे बाबा, गिऱ्हाईक कुठे पळत नाही.

मुबिरु त्याचं नाव. माझा थोरला भाऊ. तुम्हाला नाव सांगितलं नाही? तो कधीच सांगत नाही. या गल्लीत त्याला कोणी नावाने ओळखतही नव्हतं, 'कान' म्हणायचे. 'कान आहे का दुकानात?' माणूस गाडीतून उतरायच्या आधी ओरडायचा, 'कान कुठंय?' आणि मी इथे, या गल्ल्यामागे उभी, बिलबुक हातात, मला कोणी विचारत नव्हतं. दुकान दोघांचं बरं का. भाडं मी भरायची, माल मी आणायची, दुबईच्या फेऱ्या मी करायची, आणि गिऱ्हाईक विचारणार — कान कुठंय. आणि तो काय करायचा? तुमच्यासारखा माणूस यायचा, सगळं बदलायच्या तयारीने, पैसे खिशात घेऊन, आणि हा दाराला हात लावून दोन मिनिटं ऐकायचा आणि म्हणायचा, 'कंपनीचा सेट चांगला आहे, ठेव. दाराचा पत्रा थरथरतोय, आत जुन्या गालिच्याचा तुकडा चिकटव, चार स्क्रू आवळ. फार तर पुढचे दोन स्पीकर बदल. रेडिओसाठी ही एवढीशी डबी लाव, नव्वदच्या पुढचं ऐकू येईल. जा.' गालिच्याचा तुकडा! माझ्या मांडणीवर चाळीस सेट धूळ खात पडलेले आणि हा लोकांच्या दारात गालिचे चिकटवतोय. — खरं होतं का? होतं की. कंपनीचा सेट बहुतेकांना पुरतो. तुमचाही पुरेल. पण खरं सांगायला दुकान कशाला लागतं? झाडाखाली बसूनही सांगता येतं.

एकदा एक मोठा माणूस आला, तीन गाड्या घेऊन. मी सगळं समजावत होते, हा स्पीकर, तो स्पीकर, आणि दादा मागून म्हणाला, 'अगं नाबुकेन्या, तुला ढोल आणि पत्र्याचा डबा यातला फरक कळत नाही, तू कशाला बोलतेस?' वाईट मनाने नाही बोलला. तो वाईट मनाने काहीच करत नाही, तीच तर पंचाईत. सगळी गल्ली हसली. भाजलेली केळी विकणारी हसली. मीही हसले.

आता तुम्हाला त्या तारेचं सांगते, नाहीतरी तुम्ही बघणारच आहात. स्पीकरला दोन तारा असतात, लाल आणि काळी. डाव्या दारात त्या उलट्या जोडल्या की एका बाजूच्या स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा मागे जातो, आणि दोघं एकमेकांचा आवाज खातात. मोडत काही नाही, जळत काही नाही. फक्त ढोल पातळ होतो आणि मध्ये उभी असलेली बाई निघून जाते. या गल्लीत सगळे करतात. गिऱ्हाइकाचं दार 'तपासायला' उघडायचं, एक तार फिरवायची, मग आपली फळी ऐकवायची. — हो, तुमच्याही दारात. तसं तोंड करू नका, पाच मिनिटांचं काम आहे. दादाने मात्र आयुष्यात कधी केलं नाही. कोणी केलेलं असेल तर तो गाडीत डोकं घालायचा आणि म्हणायचा, 'कोणत्या चोराने हिला घराबाहेर काढलं?'

आणि ही बाई कोण, विचारा ना. — ही आमची आई. मसाकाच्या चर्चमध्ये गाते आहे. दादाने कोणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला होता, दोन माइकचा, आणि तिला मधोमध उभं केलं होतं, 'आई, हलू नको' म्हणत. पुढच्या वर्षी ती गेली. रोज सकाळी शटर उघडलं की तो या क्रेटवर बसायचा, तुम्ही बसलात तिथेच, आणि फळीवर आईचं गाणं लावायचा. आई मध्ये उभी राहिली की दिवस सुरू. मला वाटायचं, आई मेल्यावरही त्याच्याच समोर उभी राहते.

अकरा वर्षं झाली. एका रविवारी तो प्रार्थनेला गेला होता. मी फळीचा ॲम्प उघडला आणि तार आतून फिरवली, पेटीच्या आत, झाळून, अगदी स्वच्छ. बाहेर लाल ते लाल, काळं ते काळं. स्क्रूवर मी आपलं सील लावते ना, तसं लावलं. माझं सील त्याने कधी फोडलं नाही. का फोडेल? बहिणीचं सील. ढोल आणि डब्यातला फरक मला कळत नाही म्हणाला होता, पण तार फिरवता येत होती की मला. त्यानेच शिकवलं होतं.

सोमवारी बसला. गाणं लावलं. मग मान फिरवली, पुढे सरकला, मागे सरकला, उठून बाहेरच्या तारा बघितल्या, परत बसला. मला म्हणाला, 'नाबुकेन्या, आई कुठे उभी आहे?' मी म्हटलं, 'मध्ये, दादा. नेहमीसारखी.' — एवढंच. मोठं काही बोलले नाही मी. नऊ दिवस तो विचारत होता आणि नऊ दिवस मी सांगत होते, मध्ये, दादा. ओचेनलाही सांगून ठेवलं होतं. ओचेनची सात लेकरं, पगार माझ्या हातात, त्याला आई मध्येच दिसणार होती.

आता तुम्ही म्हणाल, गाडीत ऐकलं असतं तर कळलं असतं. एका गाडीत बसला असता तरी पुरे होतं. पण बसला नाही! मला सोय करावीच लागली नाही. सोमवारपासून त्याने एकाही गाडीला हात लावला नाही. म्हणाला, 'ज्याला स्वतःच्या कानाची खात्री नाही त्याने लोकांच्या गाडीत डोकं घालू नये.' मला माहीत होतं तो असं म्हणणार. म्हणूनच केलं. दुसऱ्या कोणाला हे चाललं नसतं, लबाड माणसाने धडाधड चार गाड्या वाजवून बघितल्या असत्या.

नवव्या दिवशी म्हणाला, आपण तिघंही डोळे मिटू आणि बोट दाखवू. मी मिटले. ओचेनने मिटले. गाणं संपलं तेव्हा आमची दोन बोटं फळीच्या मधोमध होती. त्याचं बोट गल्लीकडे होतं, बाहेर, मोटारसायकलवरून सवाऱ्या नेणारे बोडा-बोडावाले उभे असतात तिकडे. तो त्या बोटाकडे बघत राहिला. मी म्हटलं, 'दादा, वय होतं माणसाचं.' बावन्न वर्षांचा होता. मग त्याने मला विचारलं, 'तुला अजून मध्येच दिसते ना? नक्की?' मी म्हटलं, 'नक्की.' तर काय म्हणाला? 'चल, एकाला तरी दिसते.' आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

— काय? त्याला सांगणार? सांग ना. अरे, जा आणि सांग. गाडी फिरव, तीन तासांचा रस्ता आहे, अजून बसलेला असेल अननस घेऊन. तो तुला विचारेल, माझी बहीण असं म्हणाली? तू म्हणशील, हो. तो म्हणेल, माझी बहीण असं करणार नाही, आणि तुला अननस विकणार नाही. आणि समज, विश्वास ठेवला. मग? मग काय देशील त्याला? कान शाबूत होते आणि अकरा वर्षं घरात रेडिओ ठेवला नाही, हे देशील? आईचं गाणं एकदाही ऐकलं नाही, उगीचच ऐकलं नाही, हे? माझ्यापेक्षा वाईट करशील तू त्याचं. मी त्याचं दुकान घेतलं. तू त्याची बहीणही घेशील, आणि त्याच्याकडे आता तेवढीच उरली आहे.

किल्ली परत खिशात घातलीस ना? — तेच म्हणते मी.

ऊठ त्या क्रेटवरून. ओचेन! आला का? याचं डावं दार उघड आणि तार सरळ कर. हो, सरळ. आत गालिच्याचा एक तुकडा चिकटव, रेडिओची छोटी डबी लाव. तुमचा कंपनीचा सेट चांगला आहे भाऊ, ठेवा तोच. पैसे नकोत. परत त्या रस्त्याने गेलात तर म्हणा, बहिणीने खरं सांगितलं. आणि कोणाला इथे पाठवू नका म्हणावं. — का ते नका सांगू. आता गाडी काढा, मागे माणूस थांबला आहे.

अजून उभे आहात? काय ऐकायचं राहिलं? — पुढे काय झालं? काही नाही झालं. चाव्या त्याने त्याच संध्याकाळी माझ्या हातात दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने तो मसाकाला गेला, आणि नऊ वाजता मी पेटी उघडून तार सरळ केली.