चूक सायमन सरांची नव्हती

बसा सगळे. मागे भिंतीला टेकून उभे आहेत त्यांनी पुढे या. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत.

मला आज बोलायचं नव्हतं. सायमन सरांना जाऊन आठ दिवस झाले. त्यांच्याबद्दल बोलायला लागले की माझा आवाज बसतो, आणि चारचौघांत आवाज बसलेला मला चालत नाही. पण काल याच पाणी संस्थेच्या ओट्यावर मी ऐकलं, की सरांच्या प्रोग्रॅमनं पाण्याच्या पाळीचा घोळ केला. गेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. म्हणून मी लिहून आणलंय. घोळ माझा आहे. सरांचा नाही.

रूथ, मान वर कर. तुझ्या वडिलांनी काही केलेलं नाही.

आपल्या उपसा योजनेच्या पाळीची यादी सरांनी कॉम्प्युटरवर बसवली, हे सगळ्यांना माहीत आहे. श्रीरामपूरहून एसटीनं यायचे, दोन बोटांनी टाइप करायचे आणि स्वतःच्याच विनोदावर सगळ्यांच्या आधी हसायचे. निवृत्त झाल्यावर मीही त्यांच्या कॉम्प्युटर क्लासला जाऊन बसले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, जन्मभर फळ्यासमोर उभ्या राहिलात. आता बाकावर बसायला जमेल का?"

मी म्हटलं, "तुम्ही शिकवा. माझ्या बसण्याची काळजी करू नका."

त्यांनी शिकवलं. प्रोग्रॅमात छोटे छोटे भाग असतात, त्यांना फंक्शन म्हणतात. सर म्हणाले, "फंक्शन म्हणजे एक वर्ग समजा. वर्गातल्या फळ्यावर तुम्ही लिहिलंत, उद्या सुट्टी. तर सुट्टी कुणाला? त्या वर्गाला. तास संपला, फळा पुसला, सुट्टीही गेली. सगळ्या शाळेला सुट्टी द्यायची तर व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहायचं. आणि लिहिण्याआधी सांगायचं, की मी बाहेरच्या फळ्यावर लिहितोय. न सांगता लिहिलंत, तर ते आतच राहतं."

मी काय म्हणाले? "मी मुख्याध्यापिका होते, सर. मला फळे शिकवू नका."

सर आजारी पडले. वीज गेली की पाळी कुणाच्या शेतापाशी तुटली, तो नंबर ते स्वतः प्रोग्रॅमात टाकायचे. ते दवाखान्यात, म्हणून मी एक फंक्शन लिहिलं. पाळी तुटलेल्या शेताचा नंबर टाकायचा, वीज आली की तिथून पुढे चालू. नंबर मी आतल्या फळ्यावर लिहिला. बाहेरच्या फळ्यावर पहिल्या शेताचा १ हा आकडा होता, तो तसाच राहिला.

म्हणजे झालं काय? वीज गेली, परत आली, पाणी पहिल्या शेताला. पुन्हा गेली, पुन्हा पहिल्या शेताला. पहिलं शेत कुणाचं? किसनअण्णांचं. खाली बघू नका, अण्णा. तीनदा पाणी आलं आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. काल मी विचारलं तर म्हणतात, "मला वाटलं, सरांचा माझ्यावर लई जीव हाय!"

हसा. सरांनाही हसू आलं असतं.

पण टेलला, पाइपलाइनच्या शेवटी, ताराबाईंचा कांदा वाळत होता. त्या माझ्या दारात आल्या. "बाई, अण्णाचा ऊस पोहायला लागलाय आन् माझ्या वाफ्यात चिमणीला प्यायला पानी न्हाई. सरांनी असं करायला नगं हुतं." तेव्हा मी प्रोग्रॅम उघडला. माझीच ओळ सापडली.

आता सांगते ते मला जड जातंय. दवाखान्यात सरांनी मला विचारलं होतं, "बाई, नंबर आत लिहिलात की बाहेर?" मी म्हटलं, "मला विचारता?" ते हसले आणि डोळे मिटून पडले. विचारायला नको होतं का त्यांनी? विचारलं, तेच बरोबर होतं. उत्तर द्यायचं सोडून मी ताठ बसले.

ताराबाई, तुमची माफी मागते. रूथ, तुझी मागते. सर, तुमचीही.

आता सरांचं काय काय कुणाकडे दिलं, त्याची नोंद वाचते. ती संपली की सगळ्यांनी उठायचं आणि दोन मिनिटं शांत उभं राहायचं. मी पुन्हा सांगणार नाही. मोबाईल आत्ताच बंद करा.

आज या सभेत संस्थेच्या सचिवांकडे दिलं: लॅपटॉप, चार्जरसह. सरांच्या अक्षरातली प्रोग्रॅमची वही. माझी चुकीची ओळ, तिच्याखाली दुरुस्त केलेली ओळ आणि माझी सही. नवी यादी. सचिवांच्या संमतीनं ही पाळी टेलकडून सुरू होईल, पहिलं नाव ताराबाईंचं, शेवटचं किसनअण्णांचं.

रूथकडे दिलं: सरांचा चष्मा, माझ्याकडे राहिलेला. पुसून.