मधे प्लस की बाहेर प्लस

...आणि वर मलाच विचारतो, मधे प्लस की बाहेर प्लस? अहो, मी गिऱ्हाईक, तो दुकानदार, रत्नागिरीच्या रामआळीत वीस वर्षं रेडिओ विकणारा माणूस, पाठीमागे भिंतभर वायरी लटकतायत पडवळांसारख्या, आणि हा काउंटरवर कोपर टेकून मला विचारतो. मला! मी सातवीतून शाळा सोडलेला, आणि सोडली तीसुद्धा अभ्यासाला कंटाळून नाही, गुरुजी उभं करून विचारायचे म्हणून सोडली. उत्तर यायचं हो. उभं राहिलं की जायचं. आता आंब्याच्या पेट्या ठोकतो, खिळा कधी काही विचारत नाही. आणि हा विचारतो, प्लस कुठे. आता मी काय बोलणार?

तुम्ही म्हणाल, हा तर चांगला घडाघडा बोलतोय. बोलतो की. समोर अनोळखी माणसं असली, एस्टीला उशीर असला आणि कुणी काही विचारलं नाही, की मी बोलतो. विचारलं की संपलं.

तर तुम्हाला सांगतो, आमचा थोरला भाऊ, बाळादादा, बोटीवर असतो. त्यानं जपानहून दोन टेपरेकॉर्डर आणले, तळहातात मावतील एवढे, एक त्याच्याजवळ, एक घरी. त्याला पत्र लिहायचा कंटाळा आणि आईला वाचता येत नाही, तेव्हा तो बोटीवर बसून कॅसेटीत बोलणार, सुट्टीवर येणारा कुणी खलाशी ती कॅसेट आणून देणार, आम्ही ऐकणार, उलट बोलून पाठवणार. सोय केवढी! फक्त कॅसेट काडेपेटीएवढी. म्हणजे उभ्या तालुक्यात दुसऱ्या कुणाच्याच यंत्रात ती बसत नाही. गल्फवाल्यांकडे कपाटाएवढे टेप आहेत, पण त्यांच्यात ही टाकली तर विहिरीत सुपारी टाकल्यासारखी.

आता या यंत्राबरोबर एक एलिमिनेटर होता. एलिमिनेटर म्हणजे भिंतीतल्या करंटला सेलाइतका गरीब करणारा डबा. पण तो जपानचा, त्याला चपट्या दोन पट्ट्या, आपल्या भोकात जाईनात. बाबांनी बाबू वायरमनला बोलावलं. त्यानं पट्ट्या कापल्या आणि आपल्याकडची पीन बसवली. तिकडचा करंट अर्धा आणि आपला दुप्पट, हे बाबूला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, दादानं जाताना मला नीट समजावलं होतं. पण बाबू वयानं मोठा, खाकी कपड्यातला माणूस, चहा पिऊन कामाला बसलेला. आता मी काय बोलणार? त्यानं बटण दाबलं, डब्यानं एकदा ढेकर दिली आणि घरभर जळक्या रबराचा वास. बाबू म्हणाला, जपानी माल, हलकाच असतो.

मग सेल घातले. पेन्सिल सेल, दोन. बरं चाललं वर्षभर. पण पावसाळ्यात आईनं यंत्र पातळाच्या घडीत बांधून ठेवलं, सेलासकट, आणि ते आतल्या आत पाझरले.

हे आम्हाला कळलं कधी? मार्गशीर्षात. कुठल्या वेळेला, तर माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा.

हसू नका. नवरात्रात आम्ही खेडकडच्या एका गावी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी म्हणजे मैना. मी तिच्याकडे बघितलं नाही, मी कपाकडे बघत होतो, पण कप तिच्याच हातात होता त्यामुळे थोडं बघणं झालं. तिनं विचारलं, साखर घालू काय आणखी? आता मी काय बोलणार? तिनं थोडी वाट बघितली आणि आपण होऊन दोन चमचे घातले. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "तुम्ही बोलत नाय काय?" मी मान हलवली. म्हणजे हो, बोलतो, की हो, बोलत नाही, ते मलाही कळलं नाही, पण ती हसली. वाईट नाही हसली. तो चहा असा गोड होता की घरी येईपर्यंत जीभ चिकटत होती, आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून मला घरचा चहा अळणी लागतो.

घरात मला कुणी विचारलं नाही. आमच्याकडे धाकट्याला विचारत नाहीत. बाबा म्हणाले, थोरल्याच्या शब्दाशिवाय पुढं जायचं नाही. बोटीच्या कंपनीच्या पत्त्यावर पत्र गेलं, स्थळ आलंय, तुझं मत कळव. मैनेच्या मामांनी मोठ्या मनानं मार्गशीर्षाच्या अमावास्येपर्यंत थांबायचं कबूल केलं. पुढं नाही, म्हणाले, चिपळूणचं एक स्थळ मागं लागलंय. मुलाचं दुकान आहे.

आणि अमावास्येला बारा दिवस असताना कॅसेट आली! खलाशानं आईच्या हातात ठेवली, म्हणाला, बाळानं सगळं यात सांगितलंय. आईनं देवापुढं ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, बाबांनी पातळाची गाठ सोडून यंत्र काढलं, सेलाचं झाकण उघडलं, तर आत पांढरी बुरशी. स्प्रिंगा खाल्लेल्या. मी सिगारेटच्या पाकिटातली चांदी दुमडून घातली, नवे सेल बसवले, बटण दाबलं, आणि चालू झालं हो! दादाचा आवाज, अगदी समोर बसल्यासारखा: "आय, मैनेच्या बाबतीत माझं म्हणणं असं हाय की..."

आणि बंद. स्प्रिंग तुटून माझ्या हातात आली.

म्हणणं काय आहे? हो आहे की नाही आहे? आई म्हणाली, हो म्हणणाऱ्याचा आवाज असाच असतो. बाबा म्हणाले, नाही म्हणताना माणूस अशीच लांबण लावतो. त्या 'की'वर घरात दोन दिवस वाद चालला. आणि माझा अख्खा संसार त्या 'की'च्या पलीकडे, काडेपेटीत.

मला पाठवलं रत्नागिरीला, एलिमिनेटर आणायला. दुकानात सखारामशेठ. काय हवंय? एलिमिनेटर. किती व्होल्ट? ...आता मला ठाऊक होतं, दोन सेल म्हणजे तीन. पण शेजारी दोन शहरी गिऱ्हाइकं उभी, ती वळून बघायला लागली. आता मी काय बोलणार? शेठनं माझ्याकडे बघितलं, नऊचा काढला, म्हणाला, सगळे हाच नेतात. मी घेतला. घरी येऊन बघतो तर पीन करंगळीएवढी आणि भोक मुंगीचं. बरं झालं म्हणा, बसली असती तर दादा जळाला असता.

बाबा म्हणाले, माप न घेता जातोस कसा? त्यांनी खराट्यातली माडाची हीर, म्हणजे काडी, घेतली, यंत्राच्या भोकात घातली, नखानं खूण करून मोडली आणि माझ्या खिशात दिली. यंत्र न्यायला आई तयार नव्हती, बाळ्याची वस्तू एस्टीत हरवली तर? म्हणून हीर. मी ती अर्ध्या इंचाची हीर घेऊन सखारामशेठपुढं उभा. त्यानं हीर उजेडाला धरली, आपल्या दुरुस्तीवाल्या मेस्त्रीला दाखवली, मेस्त्रीनं बाजूच्या शिंप्याला दाखवली. मग शेठ शांतपणे म्हणाला की ही भोकाची खोली झाली, भोकाच्या आत उभी काडी असते, पीन पोकळ लागते, त्या पोकळीचं माप कुठाय? पोकळीचं माप हिरीनं कसं घेतात हे बाबांनी सांगितलं नव्हतं. त्यानं अंदाजानं दुसरा दिला. तो गेला आत, पण असा सैल की पीन धरून बसावं लागेल, आणि धरून बसलं तरी यंत्र मुकं. अमावास्येला सहा दिवस.

तिसऱ्या खेपेला आईनं यंत्र दिलं. टॉवेलात गुंडाळून, वर नारळ. शेठनं या वेळी बरोबर वस्तू काढली, मी खोटं बोलणार नाही. एका वायरीला चार तोंडं, व्होल्ट फिरवायची चकती, तीनावर केली, बारीक पीन अशी बसली की जणू एकाच आईची लेकरं. मी सुटकेचा श्वास सोडणार तेवढ्यात त्यानं डबा उलटा केला. मागे एक खटका. म्हणाला, मधे प्लस की बाहेर प्लस? काही यंत्रांत पिनेच्या पोटात प्लस असतो, काहींत अंगावर. उलटा लागला तर यंत्र गेलं. यंत्राच्या पाठीवर चित्र असतं, बघ. होतं चित्र. आईनं पांढरी बुरशी राखेनं घासताना तेही घासलं. मेस्त्री खोलून सांगेल, पण मेस्त्री गेलाय आंजर्ल्याला, येईल आठ दिवसांनी. तूच लावून बघ म्हणावं तर शेठ हात मागे घेतो, माझ्या दुकानात जळायला नको. घरी ठरवा, म्हणाला.

घरी ठरवा! आमच्या घरी? जिथं पावसाआधी कौलं कधी चाळायची ते थोरल्याला विचारून ठरतं?

बाबांनी ठरवलं की देवीला कौल लावायचा. गेलो देवळात. आप्पा गुरवानं देवीच्या अंगाला डावी-उजवी फुलं लावली, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. आप्पाचा आवाज असा, की रत्नागिरीच्या बंदरातली बोट वळून बघेल: "हे आई, तुझ्या लेकरानं जपानातनं एक यंत्र आणलंय, त्याच्या पिनेच्या पोटात प्लस हाय की अंगावर प्लस हाय, याचा निवाडा कर, पोटात असला तर उजवा दे, अंगावर असला तर डावा दे..." आणि आम्ही सगळे हात जोडून, होय महाराजा.

आता खरं सांगतो, तिथं माझ्या मनात आलं, देवीला एवढं विचारतोच आहोत तर सरळ मैनेचंच विचारू या. यंत्र कशाला मधे? एक फूल, एक होकार, संध्याकाळच्या गाडीनं खेड. शब्द ओठापर्यंत आला. पण समोर देवी, बाजूला आप्पा, मागे वाडीतली वीस माणसं. आता मी काय बोलणार? आणि अर्ध्या तासानं फुलं पडली. डावं आणि उजवं. एकदम.

आप्पानं डोळे उघडले, दोन्ही फुलं उचलून ताटात ठेवली आणि सांगितलं, देवी म्हणते, थोरल्याला विचारा.

थोरला कॅसेटीत!

अमावास्या आली. अमावास्या गेली. खटक्याला कुणी हात लावला नाही. तीन दिवसांनी मैनेच्या मामांचं कार्ड आलं, चिपळूणला सुपारी फुटली, राग नसावा. बाबांनी कार्ड वाचलं, घडी केली, उठले, म्हणाले आता जळूदे नायतर वाजूदे, आणि खटका न बघताच पीन खुपसली, बटण दाबलं.

वाजलं. पहिल्या फटक्यात. आईनं कॅसेट मागं नेऊन लावायला सांगितली. "आय, मैनेच्या बाबतीत माझं म्हणणं असं हाय की मला काय विचारता? संसार केरूला करायचाय. केरूला विचारा. त्याला पसंत असली तर दुसऱ्या दिवशी होकार कळवा, माझी वाट बघू नका."

केरू म्हणजे मी.

मग तिघंही हळूहळू माझ्याकडे वळली. बाबा, आई, काकू. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा मला घरात कुणी विचारलं. बाबा म्हणाले, आणि असं मऊ बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, "केरू, तुला पसंत होती काय रे?"

मी खाली बघितलं. जमिनीवर शेणाचं सारवण होतं, त्यात आईची बोटं उमटलेली, ती मोजली. सगळे थांबले होते. मग आईनं मोठा श्वास सोडला, म्हणाली, "बघा, नव्हतीच त्याला पसंत. देवीनं वाचवलं."

आणि सगळे कसे हलके झाले! काकू चहा टाकायला उठली.

बाबा म्हणाले, बाळ्याला कळवायला हवं. तुझं तू सांग, तुझ्या तोंडानं. यंत्र माझ्यापुढं ठेवलं आणि सगळे पडवीत गेले, मला लाज वाटू नये म्हणून दार लोटून घेतलं. मी लाल बटण दाबलं. तुम्हाला सांगतो, मी त्या दिवशी ठरवलंच होतं. साखरेचं सांगायचं, दोन चमच्यांचं, दादाला तरी सांगायचं, इथं कोण होतं बघायला? कॅसेट फिरत होती. मी तिच्याकडे बघत होतो. एक बाजू संपली, मी उलटून घातली. दुसरीही संपली. मग बाहेर आलो. बाबांनी विचारलं, सांगितलंस सगळं? मी मान हलवली.

कॅसेट गेली. आणि परवा दादाचं पत्र आलं. त्यानं चक्क हातानं लिहिलंय, म्हणजे बघा केवढी काळजी लागली असेल. लिहितो, कॅसेट मिळाली, दोन्ही बाजू तीन-तीनदा ऐकल्या, नुसती घरघर येते, मधेच कुणाचा तरी श्वास. तुमचा एलिमिनेटर चुकीचा आहे. केरूला रत्नागिरीस पाठवा, नीट बघून दुसरा घ्यावा.

बाबांनी पत्र मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, मी म्हणत नव्हतो, पोरगं विचारत नाय आणि चुकीचा घेऊन येतं.

तोच आणायला चाललोय, चौथा. आता मी काय बोलणार?