अण्णांच्या खिशातला रोटर

अजून आठवलं तरी डोकं फिरतं बघा. जयनगरात आमच्या गल्लीतली एक गाडी चोरीला गेली, तेव्हापासून आमचे वडील, अण्णा, आपल्या जुन्या फियाटच्या इंजिनातला रोटर काढून खिशात घालून फिरायचे. त्याच्याशिवाय गाडी सुरूच होत नसे.

एकदा ते तसेच बसने के. आर. पुरमला गेले आणि इकडे आईच्या छातीत कळा यायला लागल्या. मी किल्ली फिरवतोय, गाडी ढिम्म! शेवटी रिक्षाने दवाखाना गाठला, म्हणून वाचली.

संध्याकाळी अण्णा दवाखान्यात आले. मी भडकलो, "तुमच्या रोटरपायी आई जात होती!"

त्यांनी खिसा चाचपला. "रोटर आहे की. गाडी गेली नाही ना?"

कॉटवरून आई कडाडली, "नाही गेली. मीही नाही गेले!"